दाद मागण्याचा पत्ता

पहिलं पत्र आलं तेव्हा मला वाटलं, पोस्टमन चुकला. सिंगापूरच्या आंग मो किओतल्या आमच्या ब्लॉकखाली, मोकळ्या सोडलेल्या तळमजल्यावर, म्हणजे व्हॉइड डेकच्या कोपऱ्यात पत्रपेट्यांची एक भिंत आहे. माझ्या पेटीत सहसा विजेचं बिल आणि ट्यूशन क्लासच्या जाहिराती यापलीकडे काही नसतं. त्या सकाळी एक जाड पिवळसर पाकीट होतं. वरचं अक्षर थरथरतं, म्हाताऱ्या हाताचं. नाव माझंच होतं, पण ऐकून लिहिलेलं. असलं नाव ज्याच्या कानावर आयुष्यात पडलेलं नाही, त्याने जमेल तसं उतरवलेलं. मजला बरोबर, दाराचा नंबर बरोबर. शेवटचे सहा आकडे दोनदा गिरवलेले. इथे इमारतीगणिक पिनकोड वेगळा असतो. तेवढे सहा आकडे बरोबर असले की बाकी काहीही चुकलं तरी पत्र पोचतं.

तिकीट दक्षिण युरोपातल्या एका देशाचं होतं. त्या देशातलं एकच माणूस माझ्या ओळखीचं होतं, आणि ते ऑफिसात माझ्या शेजारच्या टेबलावर बसत होतं.

दुसऱ्या दिवशी तीन पत्रं आली. त्याच्या दुसऱ्या दिवशी नऊ.

हे कसं झालं ते सांगायचं तर आधी माझ्या वडिलांकडे जावं लागेल. ते नागपुरात एका छोट्या छापखान्यात कंपोझिटर होते. पोटासाठी लग्नपत्रिका छापायच्या आणि उरलेल्या वेळात पत्रकं. वसतिगृहाच्या भातात अळ्या निघाल्या, पत्रक. शिष्यवृत्ती दोन वर्षं अडकली, पत्रक. वस्तीचा नळ तोडला, पत्रक. वर्गातली बाकीची मुलं बदक आणि घर वाचत होती तेव्हा मी 'जाहीर निषेध' वाचत होते, आणि ते मला सोपं वाटायचं.

अक्षरांचे खिळे जुळवताना वडील आधी पत्रकाची शेवटची ओळ जुळवत. मुद्रक, प्रकाशक, नाव, पूर्ण पत्ता. मजकूर मग. "मजकूर लिहिताना माणूस तापतो," ते म्हणत, "आणि तापला की खाली नाव घालायचं विसरतो. म्हणून पाय आधी, डोकं मग." खाली पत्ता नसलेलं पत्रक ते हातातसुद्धा घेत नसत. ज्याने लिहिलं त्याच्या दारात जाऊन भांडता आलं पाहिजे, नाहीतर ती भिंतीवरची थुंकी, असं त्यांचं मत. माझ्या हाताला तीच सवय लागली. शाळेतला निबंध असो की ऑफिसातला ईमेल, कोऱ्या पानावर मी आधी तळाशी जाते, नाव-पत्ता लिहिते आणि मग वर येते. सिंगापूरला आल्यावर तो पत्ता नंतर खोडायला शिकले. एकदा सोडून.

या लिखाणात मी कुणाचं नाव घेत नाही, देशाचंही नाही. वडिलांना हे आवडणार नाही. पण इथे दुसऱ्यांच्या भाकरीचा प्रश्न आहे.

मी काम करते ती कंपनी फोनवरचे आवाज बनवते. तुम्ही एखाद्या कार्यालयाला फोन लावता आणि एक शांत बाई म्हणते, कृपया आपला क्रमांक सांगा. ती बाई नसते, आमची फाइल असते. एखाद्याचा खरा आवाज चार दिवस रेकॉर्ड करायचा, त्याचा साचा करायचा, मग त्या साच्यातून हवं ते वाक्य काढता येतं. मूळ माणसाने ते कधी उच्चारलेलं नसलं तरी. वाक्यं ग्राहकाकडून येतात. ती फाइलमध्ये ओळीने लावायची, मशीनला अडखळू द्यायची नाहीत, हे माझं काम.

शेजारच्या टेबलावर बसणाऱ्या त्या साठीच्या होत्या. बिशानला मुलीकडे राहत. मशीनने काढलेली वाक्यं हेडफोन लावून ऐकायची आणि त्यांच्या भाषेत कुठे काय खटकतं ते सांगायचं, हे त्यांचं काम. उच्चार चुकला की त्या पेन्सिल टेबलावर आपटत, म्हणून मनातल्या मनात मी त्यांना बाई म्हणू लागले. तोंडाने आंटी म्हणायचे. इथे वयाने मोठी दिसली की सगळे तेच म्हणतात.

"आंटी नको," त्या एकदा म्हणाल्या.

"मग काय म्हणू?"

"काही म्हणू नकोस. बावीस वर्षं लोक मला 'दोन नंबर' म्हणायचे. त्यातही माझं काही अडलं नाही."

दोन नंबर म्हणजे त्यांचा काउंटर. समुद्रकाठच्या एका गावात सरकारी पेन्शन कार्यालय होतं आणि दोन नंबरच्या खिडकीमागे बाई बसत. देश कर्जात बुडाला तेव्हा ते कार्यालय बंद झालं. कार्यालयाच्या जागी फोन आला. त्या फोनचं काम एका सल्लागार कंपनीकडून दुसरीकडे, तिथून तिसरीकडे असं सरकत आमच्या टेबलावर पोचलं. आवाज त्या भाषेतला हवा होता, आणि आमच्या इमारतीत ती भाषा येणाऱ्या एकट्या बाई. त्यांनी काचेच्या खोलीत चार दिवस बसून आकडे, वार, महिने आणि काहीही अर्थ नसलेली वाक्यं वाचून दाखवली. कशासाठी ते कुणी सांगितलं नव्हतं. रेल्वेच्या घोषणा असतील असं त्यांना वाटलं होतं.

मग एक दिवस तपासणीसाठी काही खरे कॉल आले. आम्ही दोघींनी एकाच वेळी हेडफोन लावले. मला ती भाषा येत नाही. मी फक्त लय ऐकत होते. एक म्हातारा काहीतरी विचारत होता, बाईंचा आवाज उत्तर देत होता, म्हातारा हसला, आवाजाने तेच उत्तर तसंच पुन्हा दिलं. मग म्हातारा गप्प झाला, आणि जरा वेळाने एकेक आकडा सांगू लागला, शाळेत उभं केलेल्या पोरासारखा.

"काय म्हणाला तो?" मी विचारलं.

"म्हणाला, दोन नंबर, तू आहेस का? मी बेकरीवाला. पायाचं सांगितलं होतं ना तुला." बाईंनी हेडफोन काढून रुमालाने पुसले. "आणि मी म्हणाले, कृपया आपला क्रमांक सांगा."

"तुम्ही नाही म्हणालात."

"मग कोण म्हणालं?"

आमच्या ऑफिसच्या इमारतीच्या खिडक्या उघडत नाहीत. एसीचा आवाज दिवसभर एकाच पट्टीत चालतो. त्या दिवसानंतर मला त्या आवाजाच्या आत कुणीतरी बोलत असल्याचा भास व्हायला लागला. बाई समोर बसून बिस्किट खात असायच्या आणि माझ्या हेडफोनमध्ये त्यांचाच आवाज कुणालातरी थांबायला सांगत असायचा.

पुढच्या महिन्याच्या कॉलमध्ये एक कॉल वेगळा निघाला. एका बाईने क्रमांक सांगितला, रक्कम ऐकली आणि फोन ठेवला नाही. बोलली काहीच नाही. नुसता श्वास ऐकू येत होता, आणि मागे एक घड्याळ, तिसऱ्या ठोक्याला अडखळणारं. आवाजाने विचारलं, आणखी काही मदत हवी आहे का. श्वास. आवाजाने पुन्हा विचारलं. श्वास, आणि घड्याळ. शेवटी मशीनने आपणहून फोन तोडला.

बाईंनी तेवढा भाग मागे नेऊन पुन्हा ऐकला. "आमच्या आईचं घड्याळ," त्या म्हणाल्या.

ती त्यांची थोरली बहीण होती. कार्यालयाला कुलूप लागणार होतं त्या दिवशी गावातली माणसं दारात बसली होती, आणि बहीण सगळ्यात पुढे. बाई मागच्या दाराने आत गेल्या आणि सामानाच्या यादीवर सही करून आल्या. सहीशिवाय शेवटचा पगार मिळणार नव्हता. तेव्हापासून बहीण बोलली नाही. तीन वर्षं तिने बाईंचा फोन उचलला नव्हता. आणि आता दर महिन्याच्या एक तारखेला सरकारी नंबर लावून ती बाईंचा आवाज ऐकत होती.

"तिला वाटतंय मी अजून त्यांच्यातच बसलेय," बाई म्हणाल्या. "खुर्ची बदलली एवढंच."

त्या दिवशी आम्ही हॉकर सेंटरमध्ये, खाण्याच्या टपऱ्यांच्या गर्दीत, कोपी म्हणजे इथली दुधाळ कॉफी घेऊन बसलो आणि मी त्यांना सगळं नीट सांगायला लावलं. मी वाचलेलं होतं, पण छापील वाचणं वेगळं. त्यांच्या देशाने शेजारच्या अनेक देशांबरोबर एकच चलन घेतलं. नाणी सुंदर होती, त्या म्हणाल्या, पहिल्या वर्षी लोक ती उलटसुलट करून बघत. मग कर्ज वाढलं. स्वतःचं चलन असतं तर त्याची किंमत उतरवून देशाने काहीतरी मार्ग काढला असता, पण ती किल्ली आता त्यांच्या हातात नव्हती. पैसे देणाऱ्यांनी माणसं पाठवली. ती राजधानीतल्या हॉटेलात उतरत, आकडे तपासत आणि काय कापायचं त्याची यादी ठेवून जात.

"तुमची संसद?"

"होती ना. यादीवर मतदान व्हायचं. यादी रात्री यायची, मतदान सकाळी."

"लोकांनी काहीच केलं नाही?"

"केलं. सरकार बदललं. नको म्हणून मतं दिली. नवं सरकारही नको म्हणतच निवडून आलं." त्यांनी कपातलं उरलेलं दूध चमच्याने ढवळलं. "मग त्याच यादीचा नवा कागद आला. आधीच्यापेक्षा जाड."

मला राग आला की माझे कान तापतात. चलन सगळ्यांचं आणि कर्ज मात्र ज्याचं त्याचं, ही कसली भागी? त्या याद्यांमध्ये याला काटकसर म्हटलेलं असतं. काटकसर माझी आई करायची. कुठे करायची ते तीच ठरवायची, आणि कमी पडलं तर आधी तिच्या ताटात कमी पडायचं. ज्यांना तुम्ही मत दिलं नाही, ज्यांना तुम्ही खाली खेचू शकत नाही, त्यांनी तुमच्या ताटातून उचलणं याला काटकसर म्हणत नाहीत. कर्ज फेडावं हे मलाही मान्य आहे. पण कुणी किती फेडायचं हे ज्यांच्यासमोर ठरतं त्यांच्या दारावर पाटी तरी हवी.

यिशुनला रविवारी आमची मंडळी बुद्धवंदनेला जमतात, तिथे मी हे तावातावाने बोलले. इंजिनिअर लोक सगळे. एक जण शांतपणे म्हणाला, "ताई, कामाचा पास आहे तोवर तोंड मिटून राहावं. परक्याच्या घरात तिसऱ्याच्या भांडणात पडू नये." सगळ्यांनी खीर खाल्ली. चांगली झाली होती.

पुढची फाइल त्याच आठवड्यात आली. एक तारखेपासून पेन्शन पुन्हा कापली जाणार होती आणि फोन करणाऱ्याला ते कळवायचं होतं. नवीन कपातीची रक्कम, लागू होण्याची तारीख, आणि शेवटी एक वाक्य: हा निर्णय बदलता येत नाही.

बाईंनी ते ऐकलं आणि पेन्सिल आपटली.

"उच्चार चुकला?"

"उच्चार बरोबर आहे. वाक्य खोटं आहे. कपात लागू झाल्यापासून तीस दिवसांत लेखी दाद मागता येते. तो कायदा अजून आहे. बावीस वर्षं मी खिडकीत आलेल्या प्रत्येकाला हे सांगत आलेय." मग त्या हळू आवाजात म्हणाल्या, "एक तारखेला ती फोन करेल. हे वाक्य ती माझ्या तोंडून ऐकेल. एकदा सही केली ते तिने पाहिलं. आता हे ऐकलं तर संपलं."

मी रीतसर विचारलं. आमच्या साहेबांनी सल्लागार कंपनीला विचारलं, तिने वरच्या कंपनीला. चार दिवसांनी उत्तर आलं की मजकूर मंजूर आहे. कुणी मंजूर केला, असं मी विचारलं. उत्तर आलं, योग्य स्तरावर. त्या ईमेलखाली नाव नव्हतं. एका विभागाचं नाव होतं, आणि तो विभाग कुठल्या शहरात आहे हेसुद्धा कळत नव्हतं. इतक्या माणसांच्या ताटातलं जाणार होतं आणि खालची जागा कोरी.

तीस तारखेला दुपारी मी फाइल उघडली. तिच्या तळाशी गेले, वर आले, ते वाक्य काढलं आणि बाईंनी सांगितलेलं घातलं: या निर्णयाविरुद्ध तीस दिवसांत लेखी दाद मागता येते. साच्यातून आवाज काढला. बाईंनी ऐकलं. एरवी त्या फाइल पूर्ण संपेपर्यंत हेडफोन काढत नसत. त्या दिवशी ते वाक्य झाल्याबरोबर काढले, आणि खिडकीकडे तोंड करून उभ्या राहिल्या. मी फाइल पाठवून दिली.

ती अकरा दिवस चालली.

बाराव्या दिवशी पहिलं पत्र आलं. ते मी बाईंकडे नेलं. आत एक अर्ज होता, नीट घड्या घातलेला. बाईंनी वाचला आणि माझ्याकडे अशा बघत राहिल्या की जणू मी भिंतीतून बाहेर आले होते.

"हे दाद मागतायत," त्या म्हणाल्या. "तुझ्याकडे."

आम्ही फाइल उघडून ऐकली. दाद मागता येते, असं आवाजाने सांगितलं. मग थोडी शांतता. आणि मग त्याच सौम्य आवाजात, त्यांच्या भाषेतल्या आकड्यांत, माझं नाव, माझा ब्लॉक, माझा मजला, माझं दार आणि सहा आकडी पिनकोड. शेवटी सिंगापूर. सवयीने मी आधी खालची ओळ लिहिली होती, आणि तापलेल्या डोक्याने ती खोडायची राहिली होती. मशीन वरून खालपर्यंत सगळं वाचतं.

आणि बाईंच्याही लक्षात आलं नव्हतं की त्यांच्या वाक्यात पत्ता नाही. त्यांना तो कधी सांगावाच लागला नव्हता. ज्या खिडकीशी उभं राहून माणूस ऐकायचा, त्याच खिडकीत अर्ज द्यायचा.

तोवर वरच्या कंपनीच्याही ते लक्षात आलं होतं. साहेबांनी मला केबिनमध्ये बोलावलं. चढा आवाज नाही, काही नाही. समोर फाइल छापून ठेवलेली.

"तुझं नाव आत कशाला?"

"सवय."

"ही कसली सवय?"

"आमच्याकडे लिहिणारा खाली पत्ता देतो."

"नशीब, माझा नाही दिलास," ते म्हणाले. मग म्हणाले की वाक्य जुनं घालायचं, तळची ओळ काढायची, आणि माझा करार मार्चपर्यंत आहे तो पुढे वाढणार नाही. "पुढच्या कंपनीत असं नको करू, ला," इथे वाक्याच्या शेपटाला हे 'ला' लागतंच, "चांगली मुलगी आहेस." बाईंना कुणी काही विचारलं नाही. दुरुस्त केलेल्या फाइलमध्ये बाईंचा आवाज पुन्हा म्हणू लागला की हा निर्णय बदलता येत नाही.

मी वडिलांना फोन केला. ते खूप हसले, मग खोकले. "पाय आधी लावलास ते बरोबर," ते म्हणाले. "आता माणसं दारात आलीत. दार लावू नकोस."

पत्रं येतच होती. छप्पन्न झाली. अर्ज पोचवायचे कुठे, हा प्रश्न होता. बाईंच्या जुन्या कार्यालयाचा पत्ता म्हणजे एक बंद शटर. सरकारी वेबसाइटवर फोन नंबर होता, आणि तो लावला की बाई स्वतःशीच बोलत होत्या. शेवटी आम्ही राजधानीतल्या मंत्रालयाच्या नावाने सगळे अर्ज एका गठ्ठ्यात कुरिअरने पाठवले. पोचल्याचा मेसेज आला. घेणाऱ्याच्या सहीच्या जागी एक सरळ रेघ होती. त्यानंतर तिकडून आजतागायत काही नाही.

पण पाठवण्याआधी बाईंनी एक काम केलं. शनिवारी सकाळी त्या माझ्या फ्लॅटवर आल्या, जेवणाच्या टेबलाशी बसल्या आणि पर्समधून रुमालात बांधलेला एक लाकडी शिक्का काढला. तारखेची चाकं असलेला. सामानाच्या यादीत तो होता, आणि यादीवर सही केली त्या दिवशी तो त्यांच्या कोटाच्या खिशात होता.

"यावर काय लिहिलंय?"

"मिळाले."

"हे चालतं का? तुम्ही आता सरकारी नाही."

"मिळालंय ना? मग खोटं काय त्यात?" वर्षाचं चाक शेवटच्या वर्षाला येऊन अडकलं होतं, म्हणून वर्ष त्या पेनाने लिहीत. प्रत्येक अर्जाला नंबर दिला, वहीत नोंद केली, आणि अर्जदाराला एक पोच: तुमचा अर्ज अमुक तारखेला मिळाला, अमुक नंबर, पुढे पाठवला आहे. मी पाकिटं चिकटवत होते. कॉरिडॉरमधून जाणारी शेजारीण उघड्या दारातून डोकावली आणि निघून गेली. ठप, ठप, ठप. मला एकदा वाटलं, पाठीमागे रांग उभी आहे. वळून पाहिलं तर फक्त चपला ठेवायचा रॅक.

सत्तेचाळिसावं पाकीट उघडताना बाई थांबल्या. बहिणीचा अर्ज होता. 'प्रति' लिहून त्यापुढे अधिकाऱ्याचं नाव लिहायच्या जागी तिने 'दोन नंबर' लिहिलं होतं. बाकी सगळं छापील अर्जात असतं तसं. बहिणीला लिहिलेली एक ओळही नव्हती. बाईंनी तो पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचला, शिक्का मारला, नंबर टाकला. पोच लिहिताना त्यांनी सगळ्यांना लिहिलं होतं तेवढंच लिहिलं. खाली सही केली आणि, माझ्याकडे बघून, पत्ता घातला.

तीन आठवड्यांनी उत्तर आलं. पोचेला उत्तर देणारी ती एकटीच. बाईंनी ते माझ्या फ्लॅटवर, जेवणाच्या टेबलाशी बसून फोडलं आणि मला इंग्रजीत सांगत गेल्या.

पोच मिळाली. फोनवरची बाई तू नाहीस हे मला पहिल्या महिन्यातच कळलं होतं. ती कृपया म्हणते. तू जन्मात कुणाला कृपया म्हणाली नाहीस. तो पत्ता फोनवर यायचा बंद झाला, म्हणून कुणीतरी तो आपल्या ऑफिसच्या शटरवर खडूने लिहून ठेवलाय. पावसाने पुसतो, पुन्हा लिहितात.

"कळलं होतं तर मग दर महिन्याला ऐकत का राहायची?" मी विचारलं.

बाईंनी कागद उलटला. मागे चार नावं होती, आणि वर लिहिलं होतं की आपल्या गल्लीतल्या या चौघांनी अर्ज पाठवले, त्यांना पोच मिळालेली नाही. हे काय काम चालवलं आहेस?

"बघ," बाई म्हणाल्या, "तीन वर्षांनी तोंड उघडलं, तेही तक्रार करायला." त्यांचा आवाज कापत होता. मी इतके महिने हेडफोनमध्ये ऐकलेल्या त्यांच्या आवाजात हे कंपन कधीच नव्हतं. साच्यात ते उतरलंच नव्हतं.

आम्ही वही काढली. शिवाय त्या आठवड्यात आलेला, अजून न फोडलेला गठ्ठा होता. चौघांपैकी तिघांची पाकिटं त्यात निघाली. बाईंनी शिक्के मारले. चौथं बेकरीवाल्याचं. ते वहीत नव्हतं, गठ्ठ्यातही नव्हतं. आम्ही दोघी लिफ्टने खाली गेलो, माझी पेटी उघडली. रिकामी. शेजारच्या पेट्यांच्या फटींतून आत बघितलं. एका पेटीत काहीतरी पिवळसर होतं, पण ती पिझ्झाची जाहिरात निघाली.

"येईल," मी म्हणाले. "त्याला पोस्टापर्यंत जायला वेळ लागत असेल."

"एका पायाने," बाई म्हणाल्या.

मार्चअखेर मला हे घर सोडायचं आहे. घरमालकिणीला मी सांगून ठेवलं आहे की परदेशी पत्रं आली तर फेकू नका, बिशानच्या या पत्त्यावर द्या. ती म्हणाली, "हे कोण लोक आहेत, ला?" मी म्हणाले, दोन नंबरकडे आलेले. तिने मान हलवली आणि चिठ्ठी फ्रिजवर चिकटवली.

पेटी रिकामी निघाली त्या सकाळी वर आल्यावर बाईंनी वही पुढे ओढली. शेवटच्या नोंदीखाली साठ लिहिलं, त्यापुढे बेकरीवाल्याचं नाव. तारखेच्या जागी काही लिहिलं नाही. मग शिक्का रुमालात न बांधता तसाच टेबलावर, शाईच्या डबीशेजारी ठेवला.